व्हिडिओ गेमचा उत्तरभाग

व्हिडिओ गेमचा उत्तरभाग म्हणजे पूर्वी प्रकाशित झालेल्या एखाद्या व्हिडिओ गेमचे नाव, कथाविश्व, पात्रे किंवा खेळण्याची पद्धत पुढे चालवणारा आणि स्वतंत्रपणे विकला जाणारा नवा खेळ होय. बोलीभाषेत त्यास ‘सीक्वेल’ किंवा ‘पुढचा भाग’ असे म्हणतात. एखादा खेळ निराशाजनक ठरला असता त्याचा उत्तरभाग विकत घ्यावा की नाही, हा खरेदीदारांपुढे वारंवार उभा राहणारा प्रश्न आहे. निर्मात्यांच्या दृष्टीनेही तो तितकाच महत्त्वाचा आहे, कारण उत्तरभागाची सुरुवातीची विक्री पुष्कळदा आधीच्या भागाच्या लौकिकावर अवलंबून असते.

या क्षेत्राच्या इतिहासात तिन्ही प्रकारची उदाहरणे आढळतात. सदोष पहिल्या भागानंतर उत्कृष्ट उत्तरभाग आला (असॅसिन्स क्रीड २, २००९). नावाजलेल्या खेळानंतर त्याच निर्मात्यांचा पुढील खेळ सदोष निघाला (सायबरपंक २०७७, २०२०). आणि सुधारलेल्या उत्तरभागालाही आधीच्या भागातील दोषांची किंमत मोजावी लागली (असॅसिन्स क्रीड सिंडिकेट, २०१५).

संज्ञा व स्वरूप

‘उत्तर’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ ‘नंतरचा’ असा आहे. रामायणातील उत्तरकांडाच्या नावात तो याच अर्थाने येतो. व्हिडिओ गेमच्या संदर्भात उत्तरभाग आणि त्याच्याशी मिळतेजुळते इतर प्रकार यांत फरक केला जातो. मूळ खेळ असल्याशिवाय जो खेळता येत नाही त्यास विस्तार म्हणतात. जुना खेळ नव्या तंत्राने पुन्हा तयार केला तर ती पुनर्निर्मिती होय. मूळ कथेच्या आधीच्या काळात घडणारा खेळ पूर्वकथा म्हणून ओळखला जातो.

सर्वच उत्तरभागांत कथा पुढे चालू राहतेच असे नाही. ‘फायनल फँटसी’ या जपानी मालिकेत बहुतेक क्रमांकित भागांचे जग आणि पात्रे वेगवेगळी असतात. समान असते ते नाव आणि काही परंपरा. याउलट ‘मास इफेक्ट’ मालिकेच्या पहिल्या तीन भागांत खेळाडूने एका भागात घेतलेल्या निर्णयांचे परिणाम पुढील भागात दिसतात. त्यामुळे निराशाजनक भाग वगळून थेट पुढचा भाग खेळता येतो का, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मालिकेनुसार बदलते.

इतर कलाप्रकारांशी तुलना

आधीच्या कृतीपेक्षा नंतरची कृती सरस ठरणे साहित्याला अपरिचित नाही. विदर्भातील पद्मपूरशी संबंध सांगितला जाणारा संस्कृत नाटककार भवभूती याने रामकथेवर प्रथम ‘महावीरचरित’ आणि नंतर ‘उत्तररामचरित’ ही नाटके लिहिली. त्यांपैकी ‘उत्तररामचरित’ हेच त्याचे सर्वश्रेष्ठ नाटक मानले जाते. चित्रपटांच्या बाबतीत मात्र दुसरा भाग पहिल्यापेक्षा उणा असतो, असा सर्वसाधारण समज आहे.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत हा समज तितकासा लागू पडत नाही. त्याचे मुख्य कारण तांत्रिक आहे. खेळाची चित्रे, हालचाली, आवाज आणि नियम ज्या मूलभूत संगणकीय रचनेवर चालतात, तिला ‘गेम इंजिन’ म्हणतात. नवी मालिका सुरू करताना निर्मात्यांचा बराच वेळ ही रचना उभी करण्यात जातो. उत्तरभागाच्या वेळी ती तयार असते. शिवाय पहिला भाग लाखो लोकांनी खेळलेला असल्यामुळे त्यातील कंटाळवाण्या किंवा त्रासदायक जागा नेमक्या कोठे आहेत, हेही कळलेले असते. चित्रपट दिग्दर्शकाला दुसरा भाग जवळजवळ नव्याने चित्रित करावा लागतो. खेळाच्या निर्मात्याला मात्र आधीच्या कामावर प्रत्यक्ष बांधकाम करता येते.

सुरुवातीचा काळ

१९७० आणि १९८० च्या दशकांत व्हिडिओ गेम मुख्यतः सार्वजनिक ठिकाणी, यंत्रात नाणे टाकून खेळले जात. अशा यंत्रांना आर्केड यंत्रे म्हणतात. तेथे नवा खेळ पारखण्याची किंमत एका नाण्याइतकीच होती. त्यामुळे आधीचा भाग आवडला नव्हता, एवढ्याच कारणावरून पुढचा भाग टाळण्याची गरज फारशी भासत नसे.

कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर’ (१९८७) हे याचे ठळक उदाहरण आहे. या खेळात पहिल्या खेळाडूला र्‍यू आणि दुसऱ्याला केन एवढीच पात्रे मिळत. विशेष डाव साधणे अतिशय अवघड होते आणि पात्रांच्या हालचाली ताठर वाटत. १९९१ मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये निवडीसाठी आठ पात्रे होती, प्रत्येकाची लढण्याची शैली वेगळी होती आणि डाव साधणे सुकर झाले होते. या खेळाला जगभर प्रचंड लोकप्रियता लाभली व पुढील लढतीच्या खेळांचा तो नमुना ठरला. आज पहिला भाग प्रामुख्याने दुसऱ्याचा पूर्वज म्हणूनच ओळखला जातो.

घरगुती यंत्रांवरील खेळांची स्थिती वेगळी होती. तेथे खेळाची कार्ट्रिज पूर्ण किंमत देऊन आधी विकत घ्यावी लागे आणि तिची प्रत नंतर कळे. १९८२ च्या अखेरीस अटारी कंपनीने चित्रपटावर आधारित ‘ई. टी.’ हा खेळ आणला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो तयार करण्यासाठी सुमारे पाच आठवडेच मिळाले होते. न विकल्या गेलेल्या कार्ट्रिज अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरण्यात आल्या. एप्रिल २०१४ मधील उत्खननात त्या सापडल्या. त्या काळी बाजारात निकृष्ट खेळांची गर्दी झाली होती आणि चांगला खेळ कोणता हे ओळखण्याचे साधन खरेदीदाराजवळ नव्हते. परिणामी १९८३ मध्ये उत्तर अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. एका खेळाविषयीची निराशा पुढच्या भागापुरती मर्यादित न राहता संपूर्ण व्यवसायाला कशी ग्रासू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. पुढे निन्टेंडो या कंपनीने आपल्या यंत्रावरील खेळांवर गुणवत्तेची मोहोर छापण्याची पद्धत सुरू केली.

असॅसिन्स क्रीड मालिकेचे उदाहरण

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची ‘असॅसिन्स क्रीड’ ही मालिका या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. निराशेनंतरचा यशस्वी उत्तरभाग आणि निराशेमुळे झाकोळलेला उत्तरभाग, अशी दोन्ही उदाहरणे तिच्यात आढळतात.

पहिला भाग (२००७)

कंपनीच्या कॅनडातील मॉन्ट्रियल येथील स्टुडिओने तयार केलेला पहिला भाग नोव्हेंबर २००७ मध्ये प्रकाशित झाला. पॅट्रिस देसिले हे त्याचे सर्जनशील दिग्दर्शक आणि जेड रेमंड या निर्मात्या होत्या. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या मालिकेचा पुढचा भाग म्हणून सुरू झालेल्या कामातून हा खेळ आकाराला आला. त्याचे कथानक ११९१ साली, तिसऱ्या धर्मयुद्धाच्या काळात, जेरुसलेम, एकर आणि दमास्कस या शहरांत घडते. अल्ताईर हा नायक भिंतींवर चढतो, छतांवरून धावतो आणि गर्दीत मिसळून जातो. हे स्वातंत्र्य त्या काळी नवे होते व त्याची प्रशंसा झाली.

मात्र प्रत्येक मोहिमेपूर्वी चोरून संभाषण ऐकणे, खिसे कापणे, एखाद्याला मारहाण करून माहिती काढणे अशी तीच ती कामे करावी लागत. ही पुनरावृत्ती खेळावरील टीकेचा मुख्य विषय ठरली. शहरांत विखुरलेले शेकडो ध्वज गोळा केल्यावर खेळाडूच्या हाती काही लागत नसे. कथेतील लांबलचक संवाद टाळता येत नसत, आणि नायक पाण्यात पडताच मरत असे. या खेळाचे एक प्रमुख प्रोग्रॅमर चार्ल्स रँडल यांनी २०२० मध्ये सांगितल्यानुसार, कंपनीप्रमुखांच्या मुलाने खेळ कंटाळवाणा असल्याचे म्हटल्यावर अगदी अखेरच्या पाच दिवसांत ही दुय्यम कामे त्यात घालण्यात आली होती.

समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर खेळाच्या प्लेस्टेशन ३ आवृत्तीला १०० पैकी ८१ गुण मिळाले. विक्री मात्र उत्तम झाली. एप्रिल २००९ पर्यंत ८० लाख प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले. अर्थात ही निराशा अंशतः होती. कल्पना आवडली, पण खेळ म्हणून ती पुरेशी फुलली नाही, असा अनेकांचा अभिप्राय होता.

असॅसिन्स क्रीड २ (२००९)

दुसरा भाग नोव्हेंबर २००९ मध्ये आला. कथानक पंधराव्या शतकातील इटलीत, फ्लॉरेन्स व व्हेनिस या शहरांत नेण्यात आले. एझिओ ऑदितोरे हा नवा नायक असून लिओनार्दो दा विंची आणि लोरेंझो दे मेदिची या ऐतिहासिक व्यक्तीही कथेत येतात. १४७८ मधील पाझ्झी घराण्याच्या कटाचाही त्यात समावेश आहे.

पहिल्या भागावरील बहुतेक आक्षेपांना या भागात थेट उत्तर सापडते. मोहिमांपूर्वीची ठरावीक कामे काढून टाकण्यात आली आणि मोहिमांत विविधता आणण्यात आली. नायकाला पोहता येऊ लागले. गोळा करावयाच्या वस्तूंना उपयोग मिळाला. मोंतेरिज्जोनी या गावाची डागडुजी करून उत्पन्न मिळवण्याची सोय झाली. येस्पर किड यांचे संगीतही विशेष गाजले. मेटाक्रिटिकवर प्लेस्टेशन ३ आवृत्तीला ९१ गुण मिळाले. पहिल्या आठवड्यात जगभर १६ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या व ही विक्री पहिल्या भागापेक्षा ३२ टक्क्यांनी अधिक असल्याचे कंपनीने सांगितले. पहिल्या भागामुळे ज्यांनी दुसरा टाळला, ते मालिकेतील सर्वाधिक प्रशंसा झालेल्या भागांपैकी एकाला मुकले.

तथापि हे यश निर्दोष नव्हते. कथेतील दोन प्रकरणे मूळ खेळात न देता २०१० च्या सुरुवातीला स्वतंत्रपणे विकण्यात आली. संगणकावरील आवृत्ती मार्च २०१० मध्ये आली, तेव्हा एकट्याने खेळतानाही इंटरनेटची जोडणी सतत चालू असणे बंधनकारक होते. त्याच महिन्यात कंपनीच्या सर्व्हरांवर हल्ला झाला आणि पैसे भरून खेळ घेतलेल्या अनेकांना तो खेळता आला नाही. ही अट पुढे शिथिल करण्यात आली. खेळ उत्तम असूनही विक्रीच्या अटींमुळे ग्राहकाचे नुकसान होऊ शकते, हे यातून दिसले.

युनिटी (२०१४)

पहिल्या दोन भागांत दोन वर्षांचे अंतर होते. त्यानंतर मात्र दर वर्षी मालिकेतील नवा भाग काढण्याचे धोरण कंपनीने स्वीकारले. नोव्हेंबर २०१४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील पॅरिसमध्ये घडणारा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ आला. तो नव्या पिढीच्या यंत्रांसाठीच बनवलेला होता. शहराचे चित्रण विलक्षण तपशीलवार होते. परंतु खेळ अनेक तांत्रिक दोषांसह विक्रीस आला. तो अडखळत चाले, मध्येच बंद पडे, पात्रे जमिनीतून खाली कोसळत आणि काही संगणकांवर पात्रांच्या चेहऱ्यावरची त्वचाच दिसत नसे. केवळ डोळे आणि दात दिसणारी ही चित्रे सर्वत्र पसरली.

अमेरिकेत खेळ विक्रीस आल्यानंतर सुमारे १२ तासांनी समीक्षा प्रसिद्ध करण्याची मुभा देण्यात आली होती. त्यामुळे आगाऊ नोंदणी केलेल्या ग्राहकांना सावध होण्याची संधीच मिळाली नाही. नोव्हेंबरअखेर मॉन्ट्रियल स्टुडिओचे प्रमुख यानिस माला यांनी जाहीर माफी मागितली. नियोजित विस्तार सर्वांना विनामूल्य देण्यात आला आणि सीझन पास घेतलेल्यांना कंपनीचा आणखी एक खेळ देण्यात आला. पुढील पॅचमुळे खेळात बरीच सुधारणा झाली. एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागल्यानंतर कंपनीने संगणकासाठीची आवृत्ती आठवडाभर मोफत दिली. तेव्हा अनेकांनी हा खेळ प्रथमच, दुरुस्त अवस्थेत पाहिला व त्यातील कॅथेड्रलच्या चित्रणाची वाखाणणी केली.

सिंडिकेट (२०१५)

‘युनिटी’नंतर वर्षभरातच, २३ ऑक्टोबर २०१५ रोजी, ‘असॅसिन्स क्रीड सिंडिकेट’ प्रकाशित झाला. १८६८ च्या लंडनमधील या खेळाची निर्मिती प्रामुख्याने क्विबेक येथील वेगळ्या स्टुडिओने केली होती. जेकब व एव्ही फ्राय ही जुळी भावंडे त्याचे नायक-नायिका आहेत. अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळण्याची सोय वगळून एकट्याच्या खेळावर भर देण्यात आला. प्रकाशनाच्या वेळी तो ‘युनिटी’पेक्षा बराच स्थिर होता. मेटाक्रिटिकवर प्लेस्टेशन ४ आवृत्तीला ‘युनिटी’चे ७०, तर ‘सिंडिकेट’चे ७६ गुण आहेत.

असे असूनही पहिल्या आठवड्यातील विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. ‘युनिटी’च्या वेळी जे घडले त्याचा परिणाम या विक्रीवर झाल्याचे कंपनीच्या वित्तप्रमुखांनी गुंतवणूकदारांसमोर मान्य केले. आधीच्या भागातील दोषांमुळे चांगला उत्तरभाग टाळला गेल्याची अशी स्पष्ट कबुली क्वचितच आढळते. ज्या स्टुडिओने ‘सिंडिकेट’ घडवला, तो ‘युनिटी’चा मुख्य निर्माता नव्हता, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे.

विराम व ओरिजिन्स (२०१७)

फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने त्या वर्षी मालिकेतील नवा मुख्य भाग येणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतरचा ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ हा टॉलेमीकालीन इजिप्तमधील खेळ २७ ऑक्टोबर २०१७ रोजी आला. वाढीव वेळ घेऊन केलेल्या या भागात लढाई आणि मोहिमांची रचना मुळापासून बदलण्यात आली होती. पहिल्या दहा दिवसांत त्याच्या ‘सिंडिकेट’पेक्षा दुप्पट प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने सांगितले. ग्राहकांनी पाठ फिरवल्यामुळे एका चांगल्या भागाचे नुकसान झाले, आणि त्याच अनुभवानंतर मालिकेची कार्यपद्धतीही बदलली.

इतर उदाहरणे

फायनल फँटसी १४: स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा हा ऑनलाइन खेळ सप्टेंबर २०१० मध्ये आला व त्यावर तीव्र टीका झाली. कंपनीने माफी मागितली, मासिक शुल्क काही काळ स्थगित ठेवले आणि डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे सोपवली. मूळ खेळ नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद करण्यात आला. ‘अ रेल्म रीबॉर्न’ ही नव्याने घडवलेली आवृत्ती ऑगस्ट २०१३ मध्ये आली आणि यशस्वी ठरली. क्रमांक तोच राहिल्यामुळे तांत्रिकदृष्ट्या हा उत्तरभाग नव्हे; परंतु बदनाम झालेल्या नावावर विश्वास पुन्हा मिळवल्याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

वॉच डॉग्स: युबिसॉफ्टचाच हा खेळ २०१२ मध्ये प्रथम दाखवण्यात आला, तेव्हा त्यातील दृश्ये अतिशय आकर्षक होती. मे २०१४ मध्ये प्रत्यक्ष विक्रीस आलेला खेळ त्या मानाने फिका असल्याची टीका झाली. ‘वॉच डॉग्स २’ (नोव्हेंबर २०१६) अधिक पसंत पडला. पण त्याची सुरुवातीची विक्री पहिल्या भागाच्या तुलनेत मंद राहिली.

मास इफेक्ट अँड्रोमेडा: मार्च २०१७ मधील या खेळावर पात्रांचे चेहरे, हालचाली व तांत्रिक दोष यांवरून टीका झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एकट्याने खेळावयाच्या कथेत यापुढे भर घातली जाणार नसल्याचे निर्मात्यांनी जाहीर केले. कथेतील एक महत्त्वाचा धागा खेळात अपुराच राहिला आणि पुढे कादंबरीतून मांडला गेला.

सायबरपंक २०७७: ‘द विचर ३’ (२०१५) या अत्यंत नावाजलेल्या खेळाच्या पोलिश निर्मात्यांचा हा नवा खेळ डिसेंबर २०२० मध्ये आला. तो ‘द विचर’चा उत्तरभाग नव्हता, मात्र निर्मात्यांच्या लौकिकावर विसंबून ८० लाख ग्राहकांनी आगाऊ नोंदणी केली होती. जुन्या यंत्रांवर तो इतका सदोष चालला, की सोनी कंपनीने आठवडाभरात आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढून टाकला. जून २०२१ मध्ये तो तेथे परतला आणि सप्टेंबर २०२३ मधील मोठ्या सुधारणेनंतर त्याविषयीचे मत बरेच बदलले.

नो मॅन्स स्काय: ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या या ब्रिटिश खेळात आधी सांगितलेल्या अनेक गोष्टी नसल्याची तक्रार झाली. निर्मात्यांनी उत्तरभाग न काढता अनेक वर्षे विनामूल्य सुधारणा दिल्या. पहिल्या भागातील उणिवा भरून काढण्यासाठी ग्राहकाकडून पुन्हा पैसे घेणे आवश्यक नसते, हे यावरून दिसते.

निराशेची कारणे व त्यांचे अर्थ

वरील उदाहरणांवरून असे दिसते, की केवळ ‘पहिला भाग निराशाजनक होता’ एवढ्यावरून उत्तरभागाविषयी अनुमान करता येत नाही. निराशेचे कारण काय होते, यावर ते अवलंबून असते.

१. कल्पना चांगली, पण अपुरी फुललेली: ‘स्ट्रीट फायटर’ आणि ‘असॅसिन्स क्रीड’ यांचे पहिले भाग या प्रकारात मोडतात. अशा वेळी उत्तरभाग सुधारलेला असण्याचा संभव अधिक असतो.

२. घाई: येथे दोष कल्पनेत नसून वेळापत्रकात असतो. वेळापत्रक किंवा निर्मितीची पद्धत बदलली आहे का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

३. प्रसिद्धीतील अतिशयोक्ती: खेळ स्वतंत्रपणे पाहता वाईट नसतो, पण जे दाखवले ते दिलेले नसते. येथे प्रश्न कौशल्याचा नसून विश्वासाचा असतो. पुढील भागाच्या जाहिरातीऐवजी प्रत्यक्ष खेळावरून मत बनवणे श्रेयस्कर ठरते.

४. विक्रीच्या अटी: सतत इंटरनेटची सक्ती, तोडून वेगळे विकलेले भाग यांसारख्या गोष्टी खेळाच्या गुणवत्तेशी संबंधित नसतात. प्रकाशक तोच असेल तर त्या उत्तरभागातही परत येऊ शकतात.

५. वैयक्तिक अरुची: खेळ निर्दोष असूनही त्याचा प्रकार एखाद्याला रुचत नाही. अशा खेळाडूला उत्तरभाग कितीही सफाईदार असला तरी सहसा आवडत नाही, कारण त्यात तीच गोष्ट अधिक चांगल्या रीतीने केलेली असते.

खरेदीदाराचा निर्णय

उत्तरभाग टाळण्याच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा, की आधीच्या अनुभवाखेरीज ग्राहकाजवळ दुसरा भक्कम पुरावा नसतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याप्रमाणे त्याची सावधगिरी स्वाभाविक असते. प्रत्येक वेळी क्षमा केल्यास अपुरे खेळ विकण्याची सवय निर्मात्यांना लागते, असेही म्हटले जाते. ‘युनिटी’नंतर दरवर्षीचे वेळापत्रक थांबले, ही घटना या मताला बळ देते.

विरुद्ध बाजूचा युक्तिवाद असा, की शिक्षा योग्य ठिकाणी पोहोचेलच असे नाही. नाव तेच असले तरी स्टुडिओ, दिग्दर्शक आणि कामाची पद्धत बदललेली असू शकते. ‘सिंडिकेट’च्या बाबतीत असेच घडले. शिवाय मागणीअभावी मालिका बंद पडल्यास ज्यांना पहिला भाग आवडला होता, त्यांची कथा अर्धवट राहते.

या दोन टोकांमध्ये प्रतीक्षेचा मार्ग आहे. उत्तरभाग प्रकाशित झाल्यावर काही आठवडे थांबल्यास समीक्षा उपलब्ध होतात, सुरुवातीचे दोष दुरुस्त होतात आणि किंमतही पुष्कळदा कमी होते. या मार्गालाही मर्यादा आहेत. ऑनलाइन खेळाला सुरुवातीपासून पुरेसे खेळाडू न मिळाल्यास तो टिकत नाही, आणि प्रकाशक आपले पुढील निर्णय पहिल्या काही आठवड्यांच्या विक्रीवरून घेत असल्याने सर्वांनीच प्रतीक्षा केल्यास चांगला खेळही अपयशी ठरवला जाऊ शकतो.

ग्राहकाला उपलब्ध साधने

समीक्षा: समीक्षा प्रकाशनापूर्वी काही दिवस प्रसिद्ध होऊ देणे हे निर्मात्यांच्या आत्मविश्वासाचे लक्षण मानले जाते. सरासरी गुणांपेक्षा आधीच्या भागातील विशिष्ट दोष दूर झाला की नाही, हे सांगणारी समीक्षा अधिक उपयोगी पडते.

परतावा: संगणकावरील खेळांचे मोठे ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमने जून २०१५ पासून परताव्याची पद्धत सुरू केली. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मिळतात. आर्केडमधील एका नाण्याच्या पारखणीचे हे आधुनिक रूप म्हणता येईल. इतर दुकानांचे नियम निरनिराळे आहेत.

आगाऊ नोंदणी: आगाऊ नोंदणीत ग्राहक खेळ पाहण्यापूर्वीच पैसे देतो. डिस्क मर्यादित असतात तेव्हा तिचा उपयोग होतो. डाउनलोड करावयाच्या प्रती मात्र संपत नाहीत.

पुनर्विक्री: डिस्कवरील खेळ आवडला नाही तर दुसऱ्यास विकता येतो. डाउनलोड केलेल्या खेळाच्या बाबतीत ही सोय सहसा नसते.

महाराष्ट्र व भारताशी संबंध

युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई येथे स्टुडिओ आहेत. पुण्यातील स्टुडिओ २००८ मध्ये गेमलॉफ्ट या कंपनीकडून घेण्यात आला, तर मुंबईतील २०१८ मध्ये सुरू झाला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या गाजलेल्या खेळाच्या पुनर्निर्मितीचे काम या दोन स्टुडिओंकडे होते. सप्टेंबर २०२० मध्ये तिची पहिली झलक दाखवण्यात आली, तेव्हा चित्रांच्या दर्जावर टीका झाली. प्रकाशन लांबणीवर पडले आणि मे २०२२ मध्ये हे काम मॉन्ट्रियल स्टुडिओकडे सोपवण्यात आले.

‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतही भारताचे संदर्भ आहेत. ‘सिंडिकेट’च्या एका जोडभागात पंजाबचे शेवटचे महाराज दुलीपसिंग हे पात्र म्हणून येतात. जानेवारी २०१६ मध्ये प्रकाशित झालेला ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स: इंडिया’ हा लहान खेळ १८४१ मधील शीख साम्राज्याच्या काळात घडतो.

हे सुद्धा पहा

व्हिडिओ गेम
गेम इंजिन
असॅसिन्स क्रीड
स्ट्रीट फायटर २
उत्तररामचरित
ग्राहक संरक्षण